वज्रकेसरीचा आवाज

एका जंगलात, बाळांनो, टीव्ही आला.

कसा आला, ते विचारू नका. मधेच असले प्रश्न विचारणाऱ्यांची गोष्ट अर्धी राहते. आला म्हणजे आला. जांभळाच्या झाडाखाली एका सपाट दगडावर त्याला बसवलं. सागाच्या शेंड्याला छत्री बांधली. चित्र थरथरलं की वानरं वर चढून छत्री फिरवायची आणि खालून सगळे ओरडायचे, "डावीकडे! अजून डावीकडे! बास, बास! अरेरे, गेलं परत!"

त्या टीव्हीवर बातम्या नव्हत्या. सासवा-सुनांची भांडणं नव्हती. त्यावर फक्त कार्टून लागायची. साऱ्या जगाची.

अमेरिकेतला एक कोंबडा रोज कड्यावरून पडायचा, पापडासारखा चपटा व्हायचा, अंग झटकायचा आणि पुन्हा पळत सुटायचा. रशियातलं एक अस्वल अर्धा तास बर्फाकडे बघायचं आणि शेवटी एक उसासा टाकायचं. फ्रान्समधली गोगलगाय दर भागात प्रेमात पडायची, पण प्रियकरापर्यंत पोचेतो तिचं प्रेम आटून जायचं. कोरियातला एक मुळा नाचायचा. का नाचायचा, ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

आणि जपानचा एक सिंह होता. डोळे ताटाएवढे. आयाळ निळी. पाठीवर लाल उपरणं. तो ढगातून खाली यायचा आणि दुष्ट यंत्रमानवासमोर उभा राहून तोंड उघडायचा. एकदा उघडलं की ते बराच वेळ मिटायचंच नाही.

"काहीतरी फार मोठं बोलतोय," हरणं म्हणायची.

"पण काय?" ससे विचारायचे.

कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या जंगलात जपानी कुणाला येत होतं?

आता, त्या जंगलात एक कोल्हेसाहेब राहत होते. आधी ते द्राक्षांच्या धंद्यात होते. तो काही जमला नाही. द्राक्षंच आंबट निघाली, असं ते भेटेल त्याला सांगत. त्यांनी टीव्हीसमोर बसलेली गर्दी पाहिली. गर्दी पाहिली की कोल्हेसाहेबांच्या शेपटीला आपोआप कल्पना सुचत.

"या सगळ्यांना आपण आपल्या भाषेत बोलायला लावू," ते म्हणाले. "चित्र त्यांचं, आवाज आपला. याला डबिंग म्हणतात."

"म्हणजे लबाडी?" कासवाने विचारलं.

"छे! कला," कोल्हेसाहेब म्हणाले. "लबाडीत नाव लपवतात. कलेत नाव शेवटी दाखवतात. फार भराभर दाखवतात म्हणून वाचता येत नाही, एवढंच."

कोल्हेसाहेबांनी एका गुहेत स्टुडिओ थाटला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना सुगरणींची जुनी घरटी चिकटवली. मधल्या खांबाला माइक टांगला. आणि साळुंखेबाईंना बोलावून आणलं.

साळुंखेबाई म्हणजे साळुंकी. काय आवाज होता त्यांचा! म्हणजे एक नव्हताच. राजकन्येचा आवाज त्या काढत, राजकन्येच्या आईचा काढत, कजाग मावशीचा काढत. दार कुरकुरलं तर ते दारही बाईच. पाऊस पडला तर पाऊसही बाईच.

काम झपाट्याने सुरू झालं. रशियाच्या अस्वलापाशी मात्र गाडी अडली.

"हे बोलतच नाही," बाई म्हणाल्या.

"एवढी शांतता आपल्याला परवडायची नाही," कोल्हेसाहेब म्हणाले. "भरा काहीतरी."

बाईंनी भरलं. दुसऱ्या दिवसापासून रशियाचं अस्वल बर्फाकडे बघत म्हणू लागलं, "अगंबाई, काय हा गारठा! पापड वाळायचे कसे? आणि लोणच्याला बुरशी आली तर कुणाच्या नावाने रडू?" जंगलातल्या बायकांना ते अस्वल इतकं आवडलं की त्या त्याला सल्ले देऊ लागल्या. कोरियाच्या मुळ्याला भोंडल्याची गाणी दिली. मग तो का नाचतो, हे आपोआप कळलं.

उरला जपानी सिंह. त्याचं मूळ नाव लांबलचक होतं. कोल्हेसाहेबांनी ते सोडून दिलं आणि 'वज्रकेसरी' ठेवलं. पण त्याला आवाज कुणाचा द्यायचा?

"सिंहाला सिंहाचाच आवाज," साळुंखेबाई म्हणाल्या. "महाराज आहेत की आपले."

त्या जंगलाचे राजे होते दंष्ट्रसेन महाराज. खराखुरा सिंह. त्यांचा आवाज पोटातून यायचा, जमिनीतून जायचा आणि कानांच्या आधी पायांना ऐकू यायचा. महाराज स्वतः स्टुडिओत आले. बाहेर हरणांनी रांगोळी काढली आणि काढून पळून गेली.

"मी काय म्हणायचं?" महाराजांनी विचारलं.

"‘थांबा! मी आलोय!’ एवढंच, महाराज," कोल्हेसाहेब म्हणाले.

"कोण थांबत नाहीये?"

"तो यंत्रमानव, महाराज."

"मला बघूनसुद्धा?"

"तो चित्रात आहे, महाराज."

"मग त्याला म्हणावं, बाहेर ये."

शेवटी साळुंखेबाईंनी समजूत घातली. महाराजांनी श्वास घेतला आणि एकच डरकाळी फोडली. भिंतीवरची घरटी खाली आली. बाई उलट्या पडल्या. माइकचा खांब कोसळला. पण पडद्याकडे बघतात तो काय! महाराजांची डरकाळी संपली होती आणि वज्रकेसरीचं तोंड अजून उघडंच होतं.

"तोंड उरतंय, महाराज," कोल्हेसाहेब हळूच म्हणाले.

"माझा आवाज पुरा आहे," महाराज म्हणाले. "त्याचं तोंड जास्त आहे." आणि ते रागारागाने निघून गेले.

इथे, बाळांनो, तुळशीराम येतो.

तुळशीराम हे एक गाढव होतं. स्टुडिओच्या जड बॅटऱ्या पाठीवरून वाहायचं काम त्याच्याकडे होतं. महाराजांच्या डरकाळीने कोसळलेला तो खांब नेमका तुळशीरामच्या खुरावर पडला होता. महाराजांसमोर ओरडणं बरं दिसणार नाही, म्हणून बिचारा दात आवळून उभा होता. महाराज गुहेबाहेर पडले आणि तुळशीरामने तोंड सोडलं.

"हीऽऽऽ हॉऽऽऽ! हीऽऽऽ हॉऽऽऽऽऽ!"

यंत्र चालूच होतं. पडद्यावर वज्रकेसरीने पुन्हा तोंड उघडलं होतं. 'ही'ला अर्धं उघडलं, 'हॉ'ला पूर्ण. इकडे तुळशीरामने श्वास घेतला, तिकडे वज्रकेसरीने श्वास घेतला. सुतासारखं जुळलं!

कोल्हेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाच!" ते म्हणाले. "हाच तो सिंह!"

"साहेब, मी गाढव आहे," तुळशीराम खूर चोळत म्हणाला.

"ते आवाजात कुठे दिसतंय?"

"आवाजातच तर दिसतंय, साहेब."

"अरे, सिंहाचा आवाज जवळून कुणी ऐकलाय?" कोल्हेसाहेब म्हणाले. "आणि ज्यांनी ऐकलाय, ते सांगायला उरलेत का?"

गाढवांना पटकन उत्तर सुचत नाही, आणि कोल्ह्यांचा धंदा त्याच्यावरच चालतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वज्रकेसरी ढगातून उतरला, यंत्रमानवासमोर उभा राहिला आणि गरजला, "थांऽऽबाऽऽहॉऽऽऽ! मी आऽऽलोऽऽहॉऽऽऽ!"

जंगलाच्या अंगावर काटा आला. म्हातारी माकडीण रडली. साळिंदराचे काटे उभे राहिले ते जेवणापर्यंत खाली बसेनात. "याला म्हणतात सिंह!" सगळे म्हणाले.

मालिका अशी गाजली म्हणून सांगू! नदीपलीकडच्या लांडग्यांच्या रानातही ती दिसू लागली. पोरं शाळा सोडून लाल पानं पाठीला बांधून हिंडू लागली. खारीची पोरं, रानडुकरांची पोरं, सगळी "आलोऽऽहॉऽऽ" करत कड्यावरून उड्या मारू लागली. नशीब, कडा गुडघ्याएवढाच होता.

एके दिवशी राणी पिंगाक्षी, म्हणजे महाराजांची सिंहीण, धावत आली.

"अहो, ऐकलंत का? आपला युवराज गाढवासारखा ओरडतोय!"

एवढासा छावा मागून आला. त्याच्या पाठीला पळसाचं फूल बांधलेलं होतं. "नाही गं आई," तो म्हणाला, "सिंहासारखा ओरडतोय."

महाराज हसले. लहान पोर आहे, म्हणाले. पण दरबारात गेले तर तिथेही तेच. महाराजांनी सवयीप्रमाणे गुरगुरून सांगितलं, "सभा सुरू करा." मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"काय झालं?" महाराजांनी विचारलं.

रानडुक्कर उभं राहिलं. फार नम्र होतं ते. "काही नाही, महाराज. आवाज जरा सिंहासारखा काढलात तर बरं वाटेल. सगळ्यांनाच."

महाराज शिकारीला गेले. हरणांच्या कळपासमोर उभे राहून गरजले. एकही हरीण पळालं नाही. एक पोक्त हरणी जवळ आली आणि मायेने म्हणाली, "घसा बसलाय वाटतं. ज्येष्ठमध चघळा. आणि रात्री गार पाणी पिऊ नका."

आता तुम्ही म्हणाल, मग तर बरंच झालं, हरीण आयतं समोर होतं! पण बाळांनो, ज्याने आपल्या घशाची चौकशी केली, त्याच्या घशाला कसं धरायचं? महाराज उपाशी परत आले. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. हळूहळू त्यांची आयाळ गळायला लागली. ते गुहेत भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि हलक्या आवाजात एकच म्हणायचे, "सिंह मी आहे ना गं?"

"आहातच," राणी पिंगाक्षी म्हणायची. "पण लोकांना वाटायला हवं ना."

अखेर राणीनेच तुळशीरामला बोलावणं पाठवलं.

तुळशीराम आला. चारही पाय चार दिशांना पळायला बघत होते. "महाराज, माझी काही चूक नाही. माझ्या खुरावर खांब पडला होता."

"मी तुला खाणार नाही," महाराज म्हणाले. "भूकच नाही मला. उद्यापासून तू सिंहासनामागे बसायचं. मी तोंड हलवीन, तू बोल."

तालीम घ्यायला साळुंखेबाई आल्या. बाई भलत्या कडक. "महाराज, ओठ उशिरा हलले! पुन्हा! महाराज, ‘हॉ’ला जबडा खाली! पुन्हा! तुळशीराम, तू छान. महाराज, तुम्ही तेवढे जमवून घ्या."

दरबार भरला. महाराजांनी मागे वळून हळूच हुकूम सांगितला, "म्हण, उद्यापासून पाणवठ्यावर आधी मी पिणार, मग बाकीचे." आणि ऐटीत तोंड उघडलं.

तुळशीरामने श्वास घेतला. त्याला आपल्या पाठीवरची सगळी ओझी आठवली, सगळ्यात शेवटी मिळालेलं सगळं गढूळ पाणी आठवलं. आणि त्याच्या तोंडून निघालं, "उद्यापासून पाणवठ्यावर आधी पोरंबाळं पिऽऽतीऽऽल, मग मीऽऽहॉऽऽऽ!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वरच्या फांदीवरचं घुबड दचकून जागं झालं. "महाराजांचा विजय असो!" लोक ओरडले. "आवाज सुधारला, तशी बुद्धीही सुधारली!"

दरबार उठल्यावर महाराजांनी तुळशीरामचा कान धरला. "मी असं म्हणालो होतो का?"

"तुमचं वाक्य तोंडाच्या लांबीत बसेना, महाराज," तुळशीराम म्हणाला. "डबिंगमध्ये होतं असं. भाव तोच ठेवला."

"हा भाव तोच?"

राणी मधे पडली. "टाळ्या पडल्या ना? मग गप्प बसा. लग्नानंतर पहिल्यांदा तुम्हाला टाळ्या पडल्यात."

महाराजांनी कान सोडला. खरं सांगायचं तर त्यांना टाळ्या आवडल्या होत्या. त्या दिवशी ते थोडं जेवलेसुद्धा.

दिवस मजेत चालले होते. पण उन्हाळा आला, नदी आटली आणि पलीकडच्या रानातले झरेही आटले. तिथे लांडग्यांचं राज्य. त्यांचा सरदार लांडगेराव. एका दुपारी टेकडीवरची वानरं ओरडत खाली आली, "लांडगे! लांडगे निघालेत! पाणवठा घ्यायला निघालेत!"

जंगलात धावाधाव झाली. "वज्रकेसरीला बोलवा!" ससे ओरडले. "महाराजांना म्हणावं, त्या आवाजात एकदा गरजा!"

राणी तुळशीरामकडे धावली. तर तुळशीराम पाणवठ्याजवळच गळ्याला फडकं गुंडाळून बसला होता. कोल्हेसाहेबांनी खास उन्हाळी भाग काढला होता. त्यात वज्रकेसरी अख्खा भागभर कड्याला लोंबकळत ओरडत होता. सगळं ओरडून झालं आणि तुळशीरामचा घसा गेला.

"बोल रे काहीतरी!" राणी म्हणाली.

तुळशीरामने तोंड उघडलं. "फुस्स," असा आवाज आला. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"साळुंखेबाई, तुम्ही काढा!" कोल्हेसाहेब म्हणाले.

"माझ्याच्याने पाऊस होईल, दार होईल," बाई म्हणाल्या. "गाढव नाही होणार. ती देणगी आहे."

तेवढ्यात लांडगे समोरच्या काठावर आले. जिभा बाहेर, बरगड्या दिसताहेत, डोळे लाल. तहानेने वेडे झालेले. महाराज एकटे पुढे झाले. शेवटी राजा होते ते. त्यांनी चारही पाय वाळूत रोवले आणि आपली स्वतःची, वाडवडिलांची डरकाळी फोडली.

लांडगेराव थबकला. त्याने मान तिरकी केली. "हे काय होतं?"

"दरड कोसळली असेल," मागचा लांडगा म्हणाला.

"तू कोण रे?" लांडगेरावाने महाराजांना विचारलं.

"मी सिंह."

सगळे लांडगे खो खो हसले. "सिंह असा असतो होय? आम्ही रोज बघतो सिंह! चला रे, बाजूला करा या मांजराला." आणि ते पाण्यात उतरले.

महाराजांनी मागे पाहिलं. काठावर पोरांना पोटाशी धरून हरणं उभी होती. सशांनी डोळे मिटले होते. युवराज आईच्या पायांतून डोकावत होता. तुळशीराम फडकं सोडून हातवारे करत होता... म्हणजे खूरवारे. जबडा खाली, मान वर, श्वास पोटात. पुन्हा जबडा खाली, मान वर.

महाराजांना कळलं. त्यांचं अंग शरमेने तापलं. मग त्यांनी डोळे मिटले, मान आभाळाकडे केली, जबडा सोडला आणि सगळा जीव एकवटून ते ओरडले,

"हीऽऽऽ हॉऽऽऽ! थांऽऽबाऽऽहॉऽऽऽ! मी आऽऽलोऽऽहॉऽऽऽ!"

लांडगे जागच्या जागी खिळले. लांडगेरावाचे कान पडले, शेपूट पोटाखाली गेलं आणि चेहरा एकदम पाच महिन्यांच्या पिल्लासारखा झाला.

"वज्रकेसरी!" तो म्हणाला. "अरे, खुद्द वज्रकेसरी!"

"आयाळ निळी नाही यांची," एक लांडगा कुजबुजला.

"ऊन लागलं असेल. गप्प बस!" लांडगेराव दोन पायांवर बसला. "साहेब, एक विचारू? ती राजकन्या पिंजऱ्यात अडकलीय ना, ती उद्याच्या भागात सुटते का हो? आमची मंडळी दोन दिवस जेवलेली नाहीत."

महाराजांनी तो भाग पाहिला नव्हता. पण राजा तो राजाच. "तुम्ही मुकाट्याने परत गेलात," ते म्हणाले, "तरच सुटेल."

लांडगेरावाला घाम फुटला. "आणि नाही गेलो तर?"

"तर पिंजऱ्यात ती कजाग मावशीही येईल."

"नको, नको! ती मावशी नको!" सगळे लांडगे ओरडले. "पण साहेब, पाणी?"

महाराजांनी तुळशीरामकडे बघितलं. तुळशीरामने मान हलवली. मग महाराज म्हणाले, "पोरंबाळं पिऊन झाली की या. रांगेने. आणि मी गरजत असताना कुणी मधे बोलायचं नाहीऽऽहॉऽऽ!"

लांडगे रांगेने पाणी प्यायले, पाया पडले आणि मालिकेची वेळ चुकू नये म्हणून धूम पळाले.

मग काय विचारता! जंगलाने महाराजांना उचलून घेतलं. पळसाची फुलं उधळली. "हुबेहूब!" लोक म्हणत होते. "अगदी वज्रकेसरी!" "मूळ आवाजाच्या पुष्कळ जवळ गेलात हो, महाराज!" रानडुक्कर नम्रपणे म्हणालं, "आता कुठे तुमच्यात सिंह दिसायला लागला."

महाराजांचा ऊर भरून आला. मिरवणूक संपल्यावर ते तुळशीरामजवळ गेले आणि लाजत म्हणाले, "कसं झालं रे?"

तुळशीरामला आता थोडं बोलता येत होतं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "चांगलं झालं, महाराज. फक्त ‘हॉ’ नाकातून आला. तो पोटातून यायला हवा."

"शिकवशील?"

"येत जाईन की सकाळी."

तेव्हापासून रोज सकाळी तुळशीराम राजगुहेत जातो. महाराज समोर मांडी घालून बसतात. राणी दोघांना दूध देते. युवराज वडिलांच्या चुका काढतो. महाराज फार मन लावून रियाज करतात, आणि तुळशीराम सांगतो की असेच कष्ट घेतले तर वर्षभरात महाराज बऱ्यापैकी सिंह होतील.

तात्पर्य: बाळांनो, सिंहाने नेहमी सिंहासारखंच बोलावं. मात्र सिंह कसा बोलतो, ते आधी एखाद्या चांगल्या गाढवाला विचारून घ्यावं. गाढव सापडत नसेल, तर कोल्हा शोधून देतो.